दुधाच्या गारगोट्या

एका राज्यात दुधाला तोटा नव्हता. डोंगराडोंगराला कुरण, कुरणाकुरणात गाई. पहाटे नदीकाठानं चालावं, तर पाण्याच्या आवाजावर धारांचा आवाज चढलेला. राजाचं नाव धवलसेन, राणीचं नाव शेवंता. त्यांना एकुलती एक लेक, दवणा. वय वर्षं दोन.

त्या राज्याची एक रीत होती. सकाळचा पहिला घोट राजघराण्यातल्या लेकरानं घ्यायचा. घोट घशाखाली उतरला की वाड्यावर नगारा वाजायचा. तो ऐकून पुढच्या गावचा वाजायचा, त्याचा ऐकून त्याच्या पुढचा, असं करत करत नाद शिवेला पोचायचा. आपल्या गावचा नगारा वाजेपर्यंत कुणी दुधाला ओठ लावायचा नाही, तान्हं तेवढं अंगावर पाजायचं. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं. मोडावी, असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

आणि एके सकाळी दवणानं तोंड मिटलं.

ओठ असे मिटले, की सुई शिरायची नाही. तिला सांभाळणाऱ्या यसूदाईनं दुधात केशर घातलं, गूळ घातला, वेलदोडा कुटून घातला. चिऊचा घोट झाला, काऊचा झाला, हत्तीचाही झाला. दवणा म्हणाली, "नको." राजानं स्वतः गुडघ्यावर बसून चांदीची वाटी पुढे केली. दवणानं वाटीत मूठ बुडवली आणि राजाच्या मिशीला पुसली.

बरं, पोर आजारी म्हणावी तर तसंही नाही. भाकरी खायची, पिठलं खायची, नजर चुकली तर अंगणातली मातीही खायची. एक दूध तेवढं नको.

वाड्यावरचा नगारा मुका राहिला. मग सगळेच मुके राहिले. घरोघर दूध तसंच ठेवलेलं, आणि दिवस मावळला तेव्हा भांड्याभांड्यात त्याच्या पांढऱ्या गारगोट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. राज्यातली लेकरं पेज पिऊन निजायला लागली, आणि पेजेनं निजलेलं लेकरू अर्ध्या झोपेत उठतं, हे कुठल्याही आईला विचारा.

वाड्याच्या पिंपळावर एक भारद्वाज पक्षी राहायचा. तो बोलायचा, पण कामापुरतंच. तिसऱ्या संध्याकाळी तो राणीच्या खिडकीत येऊन बसला.

"राणी, हा शाप आहे. सातव्या दिवशी सूर्य माथ्यावरून कलला, की गाईंच्या आचळांतूनच गारगोट्या पडतील."

"शाप कुणाचा?"

"शिवेवरच्या टेकडीवर कवडी जादूगारीण राहते, तिचा."

राणी राजाकडे गेली. म्हणाली, "महाराज, घोट नसला तरी एकदा नगारा वाजवू द्या. लेकरं उपाशी आहेत."

राजा म्हणाला, "आमच्या आज्यापणज्यांनी मोडली नाही ती रीत आम्ही मोडायची?" आणि खाली बघत राहिला. माणूस वाईट नव्हता. रीतीपुढे त्याला दुसरं काही दिसत नव्हतं, एवढंच.

मग राणीनं साधं लुगडं नेसलं, लेक कडेवर घेतली, यसूदाईला सोबत घेतलं आणि ती भारद्वाजाच्या मागे निघाली. वाटेत प्रत्येक मुक्कामाला तिनं वाटी पुढे केली आणि म्हणाली, "पी माझे बाई, पी." प्रत्येक मुक्कामाला दवणा म्हणाली, "नको."

पाचव्या दिवशी त्या टेकडीवर पोचल्या. कवडी उन्हात बसून तांदूळ निवडत होती.

"आलीस? बस. शाप माझाच. या शिवेवर नगारा पोचेतो दुपार होते. माझा नातू रोज दुपारपर्यंत दुधाकडे बघत बसायचा. एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, की ज्या तोंडासाठी सगळी तोंडं खोळंबलीत ते मिटो. नातवाला आता मिशा फुटल्या, शाप मात्र चालत चालत आता कुठे वाड्यावर पोचला."

"तो परत घ्या, आजी."

"बोललेलं मला गिळता येत नाही. मोडायचा तर तुलाच मोडावा लागेल. तीन कामं आहेत. दोन तुला जमतील. तिसरं राण्यांना जमत नाही."

पहिलं काम, काळ्या तळ्याच्या तळाशी गाडलेली सोन्याची वाटी आणायची. राणी तळ्यात उतरली. वाटीवर नाग बसला होता.

"या वाटीला हात लावील त्याला डसावं, असं मला बंधन आहे," नाग म्हणाला. "पण शंभर वर्षांत माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवला नाही."

राणीनं हात फिरवला. नागाला झोप लागली. राणी वाटी घेऊन वर आली, तर काठावर यसूदाई नागाच्या पिलाच्या शेपटीवरून दवणाची बोटं एकेक करून सोडवत होती.

दुसरं काम, दगडी गाईचं दूध आणायचं. गाय रानात उभी होती, अंगभर शेवाळ.

"अंग घास, मग दूध देते," गाय म्हणाली.

सहाव्या दिवशी राणीनं सकाळपासून सांजेपर्यंत नारळाच्या शेंडीनं गाय घासली. बोटं सोलवटली, पण गाय पान्हावली, आणि ते दूध सोन्याच्या वाटीत चांदण्यासारखं चमकलं. राणीला वाटलं, या दुधाला तरी लेक नाही म्हणणार नाही. तिनं वाटी नेऊन कवडीपुढे ठेवली.

कवडीनं ती उचलली आणि मांजरीपुढे सरकवली.

यसूदाईचा जीव कासावीस झाला. "अहो, बाईसाहेबांची बोटं बघा, आणि दूध मांजरीला?"

"तिला भूक लागली होती," कवडी म्हणाली. मांजरीनं वाटी चाटून पुसून ठेवली. राणी बघत राहिली.

"आता तिसरं. उद्या सातवा दिवस. शिवेवरच्या शेवटच्या घरात लेकीला घेऊन बस. उजाडल्यापासून सूर्य माथ्यावर येईपर्यंत लेकीला 'पी' म्हणायचं नाही. हातानं नाही, डोळ्यांनीही नाही."

"एवढंच?"

"एवढंच," कवडी म्हणाली आणि हसली.

शेवटचं घर ठकू गवळणीचं. तिची पोर सुंद्री, दवणाच्याच वयाची. वाटसरू म्हणून ठकूनं दोघींना ओसरीवर घोंगडी टाकून दिली. पहाटे गाईचं दूध काढलं, तापवलं, वाट्यांत ओतलं आणि रीतीप्रमाणे झाकून ठेवलं.

उजाडलं. दवणा वाटीशेजारून धावत गेली. राणीच्या जिभेच्या टोकाशी शब्द आला, तिनं तो गिळला. दवणानं झाकण काढलं, आत पाहिलं, झाकण परत घातलं. राणीनं डोळे दुसरीकडे फिरवले. कासराभर दिवस वर आला. यसूदाईचे हात नुसते शिवशिवत होते. तिनं ते पदराखाली बांधून घेतले. राणीनं नाग कुरवाळला होता, दगड घासला होता. पण या एका शब्दाएवढं जड तिनं काही उचललं नव्हतं.

इतक्यात सुंद्री रडायला लागली. दुधाकडे बोट करून रडत होती.

"गप बाय," ठकू म्हणाली. "अजून वाजला नाही नगारा."

"आज सातवा दिवस, ठकूबाई. कधी वाजणार?" राणीनं विचारलं.

"अक्का, ते वाड्यावरच्यांना माहीत. राजाची लेक प्याली म्हंजे वाजंल. म्हणत्यात, लई हट्टी हाय. आईनं डोक्यावर बसवलीया, दुसरं काय."

यसूदाईला खोकला आला. राणी म्हणाली, "बसवलीय खरी."

सुंद्रीचं रडणं हळू झालं. मोठ्यानं रडण्यापेक्षा ते हळू रडणं वाईट. सूर्य माथ्याशी आला. राणीनं एकदा आपल्या लेकीकडे पाहिलं, एकदा ठकूच्या. मग ती उठली, झाकण काढलं आणि वाटी सुंद्रीच्या ओठांना लावली.

सकाळपासून गिळलेला शब्द तिथे बाहेर पडला. "पी, बाळा. पी."

ठकू घाबरली. "अक्का, काय करता? राजाला कळलं तर शिक्षा करंल."

"शिक्षा माझी," राणी म्हणाली. "ती हट्टी पोर माझीच आहे."

ठकूनं पदर डोक्यावर ओढला. सुंद्री मात्र घटाघट प्याली. ओठांवर पांढरी मिशी आली. दवणा खेळता खेळता थांबली. जवळ आली. मिशीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. कुणी तिला काही म्हणालं नाही.

"मला," दवणा म्हणाली.

यसूदाईचा हात पुढे जायला निघाला, राणीनं तो धरला. सुंद्रीनं आणखी दोन घोट घेतले, मग आपण होऊन वाटी पुढे केली. दवणानं ती दोन्ही हातांनी धरली आणि तळाशी उरलेलं सगळं पिऊन टाकलं.

त्या क्षणी ठकूच्या माजघरातल्या गारगोट्या विरघळल्या. शेजारच्या घरातल्याही विरघळल्या. शिवेवरचा नगारजी सहा दिवस टिपरू हातात घेऊन उभा होता. गारगोट्यांचं दूध झालेलं पाहून त्यानं कुणालाही न विचारता टिपरू मारलं. तो नाद अलीकडच्या गावानं ऐकला, त्याच्या अलीकडच्यानं ऐकला, आणि पहिल्यांदाच नगारा शिवेकडून वाड्याकडे धावत आला. वाटेतल्या गावागावांत लेकरांनी वाट्या तोंडाला लावल्या.

राजा सज्ज्यात उभा राहून ऐकत होता. राणी परतली तेव्हा त्यानं विचारलं, "पहिला घोट कुणी घेतला?"

"ज्या लेकराला भूक लागली होती, त्यानं."

राजानं दवणाला कडेवर घेतलं. मग त्यानं दवंडी पिटवली, की राज्यात दुधासाठी कुणी कुणाची वाट बघायची नाही. शिवेवरच्या लेकरांची पोटं भरली, की तिथून नगारा वाजवायचा, म्हणजे राजाला राज्य ठीक असल्याचं कळेल. ती रीत तिथे अजून चालू आहे.

दवणा पुढे कधी दूध प्यायची, कधी नाही प्यायची. नाही प्यायली, की राणी वाटी झाकून ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची.

त्यांचं दूध त्यांच्या पोटी, आपली कहाणी आपल्या ओठी. ऐकणाऱ्याचं भलं, सांगणाऱ्याचं भलं.