तुरुंगासमोरची टेकडी

पाहुणे, धुणं वाळत घालायला आमच्या वस्तीत या टेकडीसारखी दुसरी जागा नाही. दिवसभर ऊन, वर वारा. तरी इथे एक चिंधीसुद्धा दिसायची नाही. आमच्या बायका घरामागच्या कोंदट जागेत दोऱ्या बांधतात, कपडे कुबट राहिले म्हणून चिडतात, पण इकडे फिरकत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. हुकूम निघाला की काळ्या बाईने परवाना जवळ ठेवल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. साहेबांचे कपडे धुणारी पुलेंग सगळ्यांत आधी उभी राहिली. "मी कुठे जायचं ते मी ठरवीन," एवढंच ती म्हणाली म्हणे, आणि तिच्यामागे साऱ्या धोबिणींनी काम टाकलं. साहेब लोक मळक्या कॉलरींनी हिंडू लागले, तसा सरकारचा पारा चढला. पुलेंगला तुरुंगात टाकलं. परवाना घे आणि घरी जा, असं तिला रोज सकाळी सांगत. ती नाही म्हणे.

तिची लेक मोसा तेव्हा जेमतेम बोलू लागली होती. शेजारच्या दिबुओने पोरीला ठेवून घेतलं. पुलेंग दिबुओला औसी म्हणे, म्हणजे थोरली बहीण. भेटीला बंदी होती, पण कोठडीच्या खिडकीतून ही टेकडी दिसायची. शिपाई ओढून नेत असताना पुलेंग ओरडली होती, "औसी, पोर बरी असली की तिचा फ्रॉक टेकडीवर वाळत घाल. तो दिसला की मी तग धरीन. नाही दिसला, तर परवाना घेऊन तशीच घरी येईन."

हिवाळ्यात मोसाला ताप भरला. दिबुओने त्या दिवशीही फ्रॉक वाळत घातला. उद्या उतरेल ताप, पुलेंग बाहेर आली तर बाकीच्याही कच खातील, असं तिने मनाशी धरलं. ताप उतरला नाही. पोर आईला हाका मारत गेली. त्यानंतरही दिबुओ रोज तो फ्रॉक भिजवून टेकडी चढे.

अखेर सरकारने हुकूम मागे घेतला. फाटकाशी बायका गात उभ्या होत्या. पुलेंग बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नवा फ्रॉक होता, तुरुंगातल्या चिंध्या जोडून शिवलेला आणि मापाने थोडा मोठा. पोर वाढली असेल ना. तो पाहून दिबुओने रस्त्यातच सगळं सांगून टाकलं, आणि गाणं बंद पडलं.

पुलेंग रडली नाही, असं काहीजण सांगतात. खोटं आहे ते. वासरू गेलेल्या गाईसारखी ती तिथेच हंबरली. मग म्हणाली, "माझं दुसऱ्याने ठरवू नये म्हणून भांडत होते ना मी? मग तू कसं ठरवलंस, औसी?"

पुलेंग पुढे जन्मभर बायकांसाठी लढली, पण दिबुओच्या हातचं पाणी प्यायली नाही.

आजही आमच्याकडे मूल तापलं की आई कामावर असो, सभेत असो की कैदेत, पहिला निरोप तिला जातो. तो पोचेपर्यंत त्या मुलाचा कपडा कोणी पाण्यात घालत नाही.