उडतानाचं चित्र

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सन्मती मगदूम चपला न काढताच उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, उडतानाचं चित्र कुठंय?”

मामंजी पेन्सिलीला टोक करत होते. ब्लेड थांबलं नाही.

“कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? निळाशेल्याचं!”

इचलकरंजीत हे नाव कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. निळाशेला म्हणजे आमच्या मामंजींनी, तारळेकर मास्तरांनी, काढलेला वीर. दिवसभर मागावर कापड विणतो, आणि खांद्यावर निळा शेला टाकला की उडत जाऊन अडल्यानडल्याला सोडवतो. चाळीस वर्षांपूर्वी त्याची चित्रांची पुस्तकं निघायची. बत्तीस अंक निघाले. गोष्ट मामंजींची, चित्रं मामंजींची, आतलं अक्षरसुद्धा मामंजींचं. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागलेला नाही.

सन्मती त्यांच्याच चित्रकलेच्या वर्गातला. आता मुंबईत सिनेमे काढतो. निळाशेल्यावरचा त्याचा सिनेमा दोन आठवड्यांनी लागायचा होता.

“चार महिने नुसतं उडणंच केलं, मास्तर. सलग तीन मिनिटं उडतो. शेल्याचा धागा न् धागा वाऱ्यावर हलताना दिसतो. मराठीत असं कुणी केलेलं नाही.”

“मग झालं की चांगलं.”

“परवा शाळेतल्या पोरांना आईबापांसकट बोलावून दाखवला…”

“बरं. मग?”

सन्मती खाली वाकला. चपला काढल्या. आत येऊन चटईवर बसला.

“तीन मिनिटं उडून झालं आणि पुढच्या रांगेतली एक पोरगी आईला म्हणाली, ‘आई, हा उडणार कधी?’”

मला हसू आलं. मी तोंड फिरवलं.

मामंजी हसले नाहीत. “लंगोट काढला असशील त्याचा.”

“काढला. विजारीवर लंगोट कसला, मास्तर? आजची पोरं हसतात.”

“तालमीत येऊन हसा म्हणावं.”

“आणि ते ‘सोड त्याला, नाहीतर बांधतो गाठ!’ हे म्हणायला नटच तयार होईना. म्हणाला, माझ्या नावाचं काय राहील?”

“शेला तरी ठेवलास?”

“ठेवला. काळा केला.”

ब्लेड थांबलं.

“निळा शेला… काळा?”

“पडद्यावर निळा हलका दिसतो. काळ्याला वजन येतं.”

“छापखान्यात आम्हाला दोनच शाया मिळायच्या,” मामंजी म्हणाले. “काळी आणि निळी. काळी रेघांनाच संपायची.”

“ते राहू द्या. शेला परत निळा करतो. पण उडणं चुकलंय माझं. तुमचं ते चित्र द्या. तस्संच करतो, रेघेला रेघ. नाही जमलं तर पोरं म्हणणार, हा आपला निळाशेला नव्हेच. मला नाही कुणी बोलणार, तुमच्या नावाला बोलतील.”

“कुठलं चित्र?”

“पानभर आहे की! उजवी मूठ पुढं, शेला मागं पसरलेला, खाली मागांच्या शेडचे पत्रे. आठ वर्षांचा होतो मी. डोळे मिटले तरी दिसतं.”

मला राहवलं नाही. “मूठ नाही हो भाऊजी. दोन्ही हात अंगाला लावलेत. आणि खाली पत्रे नाहीत, पंचगंगा आहे. पाण्यात चंद्र पडलाय.”

सन्मतीनं माझ्याकडं बघितलं. “वहिनी, मी मास्तरांच्या हाताखाली सहा वर्षं शिकलोय.”

“आणि मी या घरची सून आहे,” मी म्हटलं.

मी उगाच बोलत नव्हते. माझी लेक साडेतीन वर्षांची. दिवाळीत ती गळ्यात टॉवेल बांधून जिन्याच्या कठड्यावर चढली होती. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्या एका पानापायी मी सगळे अंक धोतरात बांधून माळ्यावर टाकले होते. तिच्या नजरेला ते चित्र पडू नये, एवढंच.

“काढ गं खाली,” मामंजी म्हणाले. “बघू दोघांपैकी कोण खरं.”

शिडी लावली. गाठोडं उतरवलं. सोळा अंक त्यानं घेतले, सोळा मी.

बराच वेळ नुसता पानांचा आवाज.

“तुमच्याकडं असेल, वहिनी.”

“नाही, तुमच्यातच असणार. नीट बघा.”

अंक बदलले. पुन्हा पहिल्यापासून.

निळाशेला पत्र्यावर उभा होता. खिडकीत वाकला होता. झाडाच्या फांदीवर होता. चोराची मानगूट धरून बाजारात उभा होता. चित्र कुठलंही असो, पाय कशावर ना कशावर टेकलेले.

“पान फाटलं असेल,” सन्मती म्हणाला. त्यानं आकडे लावून पानं तपासली. एकही गेलेलं नव्हतं.

“मग तेहतिसावा अंक असेल.”

“बत्तीसच काढले,” मामंजी म्हणाले.

सन्मतीचा आवाज चढला. “म्हणजे तुम्ही त्याला एकदासुद्धा उडवलं नाही? आख्ख्या बत्तीस अंकांत?”

“सतरा वेळा काढलं. दरवेळी वरून पडतोय असं वाटायचं. फाडून टाकलं.”

“मग मी काय बघितलं, मास्तर?”

…

मामंजींनी ढिगातून अकरावा अंक उचलला. मधलं पान उघडलं.

डावीकडच्या चौकटीत निळाशेला शेडच्या टोकावर. टाचा उचललेल्या. उजवीकडच्या चौकटीत तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीवर, आणि वरून घसरलेल्या माणसाचं मनगट त्याच्या हातात.

लहान पोराला पाटीवर अक्षर गिरवायला लावतात तसं मामंजींनी सन्मतीचं बोट धरलं. दोन चौकटींच्या मधे जी पांढरी पट्टी सुटलेली असते, तिच्यावर टेकवलं.

“इथं.”

“इथं काही नाही. कोरा कागद आहे.”

“बघ.”

तो बघत राहिला. मीही वाकले.

“मूठ…” सन्मती पुटपुटला. “उजवीच आहे.”

मला खाली पंचगंगा दिसत होती. पाणी हलत होतं आणि चंद्र त्यात लांबट झाला होता.

“मामंजी,” मी म्हटलं, “हे आता मी कुठल्या माळ्यावर लपवू?”

मामंजींचं लक्ष सन्मतीकडं होतं.

सन्मतीनं बोट काढून घेतलं. “पण मास्तर, पडद्यावर अशी पट्टी नसते. तिथं चित्राला चित्र चिकटलेलं असतं. एका सेकंदात चोवीस. मधे बोट शिरायला जागा नाही.”

“तुझी ती तीन मिनिटं आहेत ना?”

“आहेत.”

“मग जागा कमी पडतेय होय?”

सन्मतीचा चेहरा उतरला. “ती काढून टाकू? मास्तर, चार महिने… साठ माणसांनी डोळे फोडून घेतलेत त्याच्यासाठी. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम आहे ते. बघाल तर मान ताठ होईल तुमची.”

“असेल.”

“मग?”

“माझी फाडलेली सतरासुद्धा चांगलीच होती.”

…

सन्मतीनं अकरावा अंक मांडीवर घेतला. मिटला. पुन्हा त्याच पानावर उघडला. मान वर केली तेव्हा आत शिरतानाचा सन्मती राहिला नव्हता. तरी खांदे ताठच होते. मामंजींच्या वर्गातल्या पोरांचे असतातच.

त्याचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं, पण उचलला नाही.

“सगळे थांबलेत तिकडं,” तो म्हणाला. “एकच विचारतायत, मास्तरांकडं चित्र मिळालं का. काय सांगू?”

मामंजींनी पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर लावून बघितलं आणि ती कानावर खोचली.

“सांग, मिळालं. आणि लहानपणी ज्यानं ज्यानं ते पाहिलंय, त्याच्यापर्यंतही निरोप जाऊ दे, चित्र त्याच्याकडंच आहे.”