केतकीच्या हातची वडी

“तिच्यापेक्षा सरस झाल्यात की नाही, एवढंच सांगा बुवा!”

द्वारकाबाईंनी ताट रंगनाथबुवांपुढे सरकवलं. ताटात चॉकलेटच्या, ओट्स घातलेल्या वड्या होत्या.

मठाच्या म्हाताऱ्या बुवांनी ताटाकडे पाहिलं. मग बाईंकडे. हात काही पुढे केला नाही.

“कोणापेक्षा?”

“जसं काही तुम्हाला ठाऊकच नाही!”

ठाऊक तर अख्ख्या मठाला होतं. लग्न होऊन बाई गावात आल्या तेव्हापासून मठाचं स्वयंपाकघर त्यांचं. त्यांच्या बेसनलाडवावर बुवांचा जीव. आणि आता पुजाऱ्यांची ती कालची सून, केतकी! दूध, साखर, लोणी, कोको यांना एक उकळी आणते काय, खाली उतरवून ओट्स नि दाण्याचा कूट ढवळते काय, चमच्याने ताटात गोळे टाकते काय... की झाली वडी! भाजणं नाही, थापणं नाही. आणि गेला आठवडाभर बुवा मिटक्या मारत खातायत! बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

परवा उत्सव. नैवेद्याचं गोड कोणी करायचं, ते बुवा आज सांगणार होते. हा मान गेला तर मठाची पायरी पुन्हा चढायची नाही, असं बाईंनी ठरवूनच टाकलं होतं.

“शिकलीस कुठे?” बुवांनी विचारलं.

“शिकायचंय काय त्यात मेलं! खिडकीतून बघितलं.”

“चाखून पाहिलीस?”

बाई दुखावल्याच. “मी? नैवेद्याचं चाखते होय मी? वासावरून मीठ सांगते, बुवा. देवाच्या आधी आजवर कधी जिभेला काही लावलं नाही.”

खोटं नव्हतं ते. मठाचा नियमच तसा होता आणि तो बाईंइतका कोणी पाळला नव्हता.

“तुझी नव्हे,” बुवा म्हणाले. “तिची.”

बाईंनी ताट उगाच जरा बाजूला सरकवलं.

“नैवेद्य झाल्यावर रोज वाटतात तिच्या वड्या. सोमवारी तुला उपास होता.”

“होताच मुळी!”

“मंगळवारी दाढ दुखत होती.”

बाई पदराचं टोक पिळत राहिल्या.

“आणि काल?”

“नाही खाल्ली!” बाई एकदम उसळल्या. “माझ्या घशाखाली उतरायची नाही ती. जळते मी तिच्यावर, झालं समाधान? तुम्ही तिच्या वडीला ‘वा’ म्हणता ना, तेव्हा पोटात दुखतं माझ्या!”

“प्रसाद नाकारलास?”

“देवाचा कुठे नाकारला? तिचा नाकारला.”

बुवा हसले नाहीत. मागे हात करून त्यांनी कोनाड्यातली वाटी घेतली. तळाशी केतकीची एक वडी उरली होती. ती त्यांनी बाईंच्या तळहातावर ठेवली.

बाईंनी बुवांकडे पाहिलं. सुटका नव्हती.

त्यांनी डोळे मिटून तुकडा तोंडात टाकला.

आधी कोकोचा जरासा कडूपणा. मग लोणी. मग दाण्याचा खमंगपणा. ओट्स मऊ, तरी दाताखाली लागणारे.

बाईंना तिथेच कळलं. तिच्यावर वरताण करायच्या नादात आपण पातेलं आचेवरून उतरवलंच नव्हतं. मिश्रण खाली लागलं, कोरडं झालं, आणि मग मुठीत दाबून दाबून त्या वड्या वळाव्या लागल्या. तरी ताट मिरवत आणलंच आपण!

डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कसलं, त्यांचं त्यांनाही कळेना.

“कशी आहे?” बुवांनी विचारलं.

“बरी आहे.”

बुवांनी रिकामी वाटी परत कोनाड्यात ठेवली.

“चांगली आहे.”

बुवा अजून बाईंकडेच पाहत होते.

“माझ्याहून चांगली आहे हो!” बाईंनी पदराने डोळे पुसले. “फार गुणाची आहे पोरगी. उत्सवाचं गोड तिलाच करू दे. झालं ना तुमच्या मनासारखं?”

“मला काय सांगतेस?” बुवा म्हणाले. “ती मागच्या पडवीत तुझं करपलेलं पातेलं घासत बसलीय.”