फिरत्या घराच्या कोपऱ्यातली चीर

एकदा एक व्यापारी आपलं घर गाडीच्या मागे जोडून महामार्गालगतच्या एका कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. घर म्हणजे दोन चाकांवरची पांढरी कॅराव्हॅन. आत दोघांना निजायची जागा, एक शेगडी, एक घडीचं टेबल आणि भिंतींना लावलेली सामानाची कपाटं. चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात गादीवर बसून काढल्यावर त्याने दुकान मुलांच्या हवाली केलं होतं आणि बायकोला तिने कधी न पाहिलेला देश दाखवण्याचा शब्द दिला होता. कॅराव्हॅन त्याने कुणाची तरी वापरलेली घेतली होती. मागच्या डाव्या कोपऱ्याला कधी काळी फाटकाचा खांब घासला असावा. तिथे वीतभर लांबीची चीर होती, खाली चार-दोन ओरखडे आणि एके ठिकाणी टवका उडालेला. नुकसान किरकोळ आहे, पण घरच्यांच्या डोळ्यांना ते खुपतं, असं व्यापारी म्हणाला. आठ दिवसांनी त्यांना निघायचं होतं.

कारखाना नरहरी मिस्त्रींचा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या या माणसाचं आयुष्य बसगाड्यांच्या बॉड्या बांधण्यात गेलं होतं. पत्र्यावर पडणाऱ्या हातोड्यांनी त्यांचे कान मंद झाले होते, पण बाकी शरीर ताठ होतं. त्यांच्या हाताखाली शिकलेली किती तरी माणसं स्वतःचे कारखाने काढून निघून गेली. मागे राहिला तो सिद्राम. वीस वर्षं तो त्यांच्याजवळ होता, चाळिशीला आला होता, आणि मिस्त्रींनंतर आपणच हे त्याने कुणाला न विचारता मनात पक्कं केलं होतं.

सहा महिन्यांपूर्वी सगुण नावाचा गृहस्थ कामाला आला. वेंगुर्ल्याकडे तो फायबरच्या होड्या बांधायचा. तिशीतला, कमी बोलणारा, हाताला विलक्षण सफाई. मिस्त्री काम सोडून त्याच्यापाशी उभे राहू लागले. फायबरचा थर कसा बसतो, राळ, म्हणजे रेझिन, कशी घट्ट होते, हे म्हातारा माणूस शिष्यासारखा विचारू लागला. सिद्रामला ते दिसत होतं. पुढे पुढे तर त्याला तेवढंच दिसू लागलं. चहाचा पहिला ग्लास मिस्त्री कुणाच्या हातात देतात, सकाळी आल्यावर आधी कुणाच्या दिशेने वळतात, याचीही नोंद त्याच्या मनात आपोआप होत असे.

मिस्त्रींनी कॅराव्हॅनभोवती एक फेरी मारली आणि चिरेचं काम सगुणला दिलं. मग सिद्रामकडे वळून म्हणाले, "तू लक्ष ठेव."

सिद्रामला वाटलं, ही आपली समजूत काढणं आहे. रडणाऱ्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवावा तसं.

पण लक्ष त्याने ठेवलं. इतक्या बारकाईने त्याने आजवर कुणाचंच काम पाहिलं नव्हतं. सगुणने अरुंद पात्याने चीर थोडी रुंद केली, कडा घासून साफ केल्या, आत राळ आणि जाळीचे थर बसवले. वाळल्यावर पाण्याचा पॉलिश पेपर फिरवला. मग रंग. ते पांढरं साधं पांढरं नव्हतं. उन्हाने किंचित पिवळसर झालेलं होतं. सगुणने तीनदा रंग कालवला, तीनदा पुसून टाकला, चौथ्यांदा लावला. जोड कुठे आहे ते दिसेना. सिद्राम वाकून पाहत होता, बोट फिरवत होता, आणि खोट सापडत नव्हती. काम सुंदर होतं. ते सुंदर होतं म्हणूनच त्याला ते सोसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले असताना तो पुन्हा त्या कोपऱ्यापाशी गेला आणि बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केली. वर आवाज खणखणीत आला. चिरेच्या हातभर खाली मात्र तो बदलला. जड, बसका, ओल्या मडक्यासारखा.

सिद्रामला क्षणात सगळं कळलं. या भिंतीत फायबरच्या मागे प्लायवूड होतं. चिरेतून दोन-तीन पावसाळ्यांचं पाणी आत उतरलं होतं, लाकूड कुजत होतं, आणि वरून चीर बंद झाल्याने ते पाणी आता आतच कोंडलं गेलं होतं. होडीच्या कडेला मागे लाकूड नसतं, म्हणून सगुणच्या मनात ही शंका आलीच नव्हती. बसगाड्यांच्या लाकडात वीस वर्षं हात घातलेल्या माणसाला ती पहिल्या दिवशी यायला हवी होती.

तो सांगायला निघालाही. तेवढ्यात व्यापाऱ्याची बायको काम पाहायला आली. तिने कोपऱ्यावरून हात फिरवला आणि चीर नेमकी कुठे होती हे तिला सांगता येईना. मिस्त्री हसले. त्यांनी सगुणच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. तो हात आपल्या खांद्यावर शेवटचा कधी पडला होता, हे सिद्रामला आठवलं नाही. त्याने तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कॅराव्हॅनमधली कपाटं घट्ट करण्याचं काम त्याच्याकडे आलं. बाईंच्या निजायच्या जागेच्या डोक्यावर एक भरभक्कम कपाट होतं, त्याच भिंतीला. त्याचा स्क्रू आवळायला गेला तर तो नुसताच फिरू लागला. मागच्या लाकडात पकडच उरली नव्हती. सिद्रामने भोकात आगपेटीच्या काड्या खुपसल्या आणि स्क्रू पिळून बसवला. कपाट हाताला घट्ट लागलं. कधीतरी एखाद्या घाटात ते निखळेल, मग काम कुणाचं होतं हे सगळ्यांना कळेल, असं त्याच्या मनात आलं. ते निखळेल तेव्हा खाली कोण असेल, हा विचारही आला होता. तो त्याने पुढे जाऊ दिला नाही.

निघायचा दिवस उजाडला. व्यापारी नारळ घेऊन आला, बाईंनी हळदकुंकू आणलं. एवढ्यात नरहरी मिस्त्री पटाशी आणि हातोडा घेऊन आले, त्या निर्दोष कोपऱ्यासमोर उभे राहिले, आणि कुणाला काही न बोलता त्यांनी पटाशी थेट सगुणच्या कामावर ठेवून घाव घातला. मग दुसरा. मग त्याच्या खाली तिसरा.

व्यापाऱ्याच्या हातातला नारळ तसाच राहिला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. सगुणचा चेहरा पांढराफटक पडला. मिस्त्रींनी ढिला झालेला तुकडा बोटांनी ओढून काढला. आतलं लाकूड काळं पडलं होतं आणि चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात तुटून आलं. त्याच्या मागोमाग पाण्याची एक बारीक धार भिंतीवरून ओघळली.

सगुण खालीच बसला. "होडीत मागे लाकूड नसता, मिस्त्री," तो म्हणाला. "माका कळूकच नाय."

मिस्त्रींनी व्यापाऱ्यापुढे हात जोडले आणि आणखी आठ दिवस मागितले. तो चिडला, कुरकुरला, पण त्या ओल्या भुशाकडे पाहिल्यावर गप्प झाला. सगुणला त्यांनी एक शब्दही बोल लावला नाही. मग ते सिद्रामला घेऊन कारखान्याच्या मागच्या बाजूला गेले.

सिद्रामनेच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं? टकटक केलेलं तर तुम्हाला ऐकू येत नाही."

"भिंतीचं मला काहीच कळलं नाही," मिस्त्री म्हणाले. "मी तुला पाहत होतो. पहिले दोन दिवस तू त्या कोपऱ्याला दहा फेऱ्या घातल्यास. वाकायचास, हात लावायचास. तिसऱ्या दुपारनंतर तू त्या बाजूला फिरकलाच नाहीस. ज्याला खोट सापडत नाही तो शोधत राहतो. तुझं शोधणं थांबलं, तेव्हा मी समजलो. तू येऊन सांगशील म्हणून आजपर्यंत थांबलो."

सिद्रामची मान खाली गेली.

"मत्सर करू नकोस, असं मी तुला सांगणार नाही," मिस्त्री पुढे म्हणाले. "माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकाचा मी अकरा वर्षं केला, तेव्हा उपदेश करायला मला तोंड नाही. पण एवढं मला उमगलंय. माया करणाऱ्याला आपल्या माणसाच्या कामातली खोट दिसत नाही. मलाच दिसली नाही. परका तर पाहण्याची तसदीच घेत नाही. ज्याला हेवा वाटतो त्याच्याइतकं बारीक कुणी पाहत नाही. तुझी नजर खरी होती, सिद्राम, आणि तुझा कानही. मात्र तुला जे दिसलं ते तुझ्या मालकीचं नव्हतं. त्या भिंतीच्या आधाराने जी माणसं झोपणार, त्यांचं होतं. ते तू दडवून ठेवलंस."

"मग काम मला का दिलं नाहीत?" सिद्रामने विचारलं. आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा लहान निघाला.

"चीर बुजवणारा हात त्याचा तुझ्यापेक्षा चांगला आहे. आणि काम पुरं झालं की नाही, हे ठरवायला कान लागतो. इतकी वर्षं ते मी ठरवत होतो. आता माझा कान गेला. लक्ष ठेव म्हणालो, तेव्हा मी माझी जागा तुला देत होतो."

सिद्रामने आत जाऊन स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मग तो कॅराव्हॅनमध्ये गेला. व्यापाऱ्याची बायको आत भांडी आवरत होती. तिच्यादेखत त्याने डोक्यावरच्या कपाटाचे सगळे स्क्रू काढले आणि काड्या तळहातावर घेऊन तिला दाखवल्या. हे कपाट टिकलं नसतं, आणि हे मला चार दिवसांपूर्वीच ठाऊक होतं, असं त्याने सांगितलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग खालच्या आपल्या उशीकडे. उशी उचलून त्यांनी छातीशी धरली. "आता नीट करा," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस दोघांनी मिळून काम केलं. कुजलेलं प्लायवूड सिद्रामने कापून काढलं, भिंतीचा सांगाडा उन्हात सुकू दिला, नवं लाकूड बसवलं. त्यावरचं कवच सगुणने चढवलं. आवाज कसा ऐकायचा ते सिद्रामने त्याला शिकवलं. सगुण डोळे मिटून, गाल भिंतीला टेकवून ऐकत असे. आपण काय दडवलं होतं तेही सिद्रामने एके दुपारी त्याला सांगितलं. सगुण दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने घासलेल्या कडेवर टकटक करून विचारलं, "ह्यो आवाज बरो हा काय?" सिद्राम म्हणाला, "थोडं खाली अजून ऐक."

कॅराव्हॅन निघताना व्यापाऱ्याने सगुणचे हात हातात घेतले. इतका बेमालूम कोपरा आपण पाहिला नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सिद्रामचं काम भिंतीच्या पोटात गेलं होतं. ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. त्याच्या मनात हेवा पुन्हा जागा झाला. त्याने तो ओळखला. त्याच नजरेने त्याने कॅराव्हॅन वरपासून खालपर्यंत न्याहाळली, आणि छताच्या जोडावरचं, पाणी अडवणारं सीलंट एके ठिकाणी नखभर सुटलेलं त्याला दिसलं.

तो सगुणजवळ गेला आणि हलक्या आवाजात त्याला ते सांगितलं. सगुणने मान वर करून पाहिलं, व्यापाऱ्याला अर्धा तास थांबायची विनंती केली आणि शिडी आणायला गेला. सिद्रामने खालून शिडी धरली. नरहरी मिस्त्री दारातल्या खुर्चीवर बसले होते. काय चाललंय ते पाहायला ते उठले नाहीत.

दुसऱ्याची उणीव आपल्याला लख्ख दिसते, तेव्हा आपल्या मनाचा तळ ढवळत बसण्याआधी एवढं विचारावं, की हे दिसलेलं कुणाच्या उपयोगाचं आहे, आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचवायला आपल्याला अजून किती वेळ उरला आहे.