दोन पोपटांची साक्ष

फार मागे, माणसांनी अजून कोर्टं बांधली नव्हती तेव्हा, ओढ्याकाठच्या जांभळीखाली एक मुंगूस राहत असे. त्या गार सावलीवर वाघाचा डोळा होता.

"आजोबांपासूनची जागा आहे, महाराज. देणार नाही," मुंगूस म्हणालं.

दोन साक्षीदार मिळाले की गुन्हा शाबीत, असा जंगलाचा रिवाज होता. वाघाचा कारभारी कोल्हा. त्याने दोन पोपट पढवले.

न्याय करायला बसला वाघच. पहिला पोपट म्हणाला, "मुंगसाने महाराजांना शिवी दिली, एवढं म्हण, पेरू देतो." दुसराही तेच म्हणाला, पेरूसकट. मुंगसाला वाटलं, सुटलो बुवा.

"दोन्ही साक्षी अक्षरशः जुळल्या," वाघ म्हणाला आणि त्याने मुंगसाला ओढ्यापलीकडे हाकललं.

वाघ सावलीत ऐसपैस पसरला. पण पोपटांची ढोली त्याच जांभळीत होती. वाघाचा डोळा लागला, की वरून साक्ष सुरू व्हायची. जंगल गालातल्या गालात हसू लागलं, तेव्हा कोल्ह्याने पोपटांना पुन्हा पढवलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर मुंगसाने कान टवकारले. पोपट म्हणत होते, "मुंगसाने महाराजांना शिवी दिली, एवढं म्हण, पेरू देतो. आता हे विसरा रे, महाराजांची अब्रू जाते."