समोरच्या बाजूचा वकील

अच्युतराव टिपणीस हे जिल्ह्यातले नावाजलेले फौजदारी वकील. हाती घेतलेला खटला ते सहसा हरत नसत. पुढे ते निवडून आले आणि पुनर्वसन खात्याचे मंत्री झाले. सभा, सत्कार आणि सरकारची सारवासारव करता करता ते पार थकून गेले.

एकदा मुख्यमंत्री दाजीसाहेबांनी त्यांना बंगल्यावर बोलावलं. धरणाचे दरवाजे बंद करायची घाई होती, पण बुडणाऱ्या उंबरगोठा गावातल्या लोकांना अजून जमिनी मिळाल्या नव्हत्या.

"उद्या विधानसभेत सांगा, सगळ्यांचं पुनर्वसन झालं," दाजीसाहेब म्हणाले.

"साहेब, माणसं अजून तिथेच राहताहेत."

दाजीसाहेब हसले. "अहो टिपणीस, खुनाचे आरोपी सोडवलेत तुम्ही! आता एवढंही जमत नाही?"

अच्युतरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तेव्हा जमायचं, कारण समोरच्या बाजूलाही वकील असायचा. मी काही दडवलं तर तो उघडं पाडायचा. या गावाच्या बाजूने कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणून तर सोपं आहे."

"मग मी उद्या राजीनामा देतो आणि गावाचं वकीलपत्र घेतो," अच्युतराव कसेबसे उठत म्हणाले. "तुमच्यासाठी तेवढा चांगला वकील बघून ठेवा."

दाजीसाहेबांचं हसू मावळलं. टिपणीसांसमोर टिकेल असा वकील काही त्यांना आठवेना.

"बसा हो," ते अखेर म्हणाले. "आधी जमिनी देऊ, मग दरवाजे बंद करू."

अच्युतराव बसले. उभं राहायचं त्राण तसंही उरलं नव्हतं.