तीन दिवसांत घरचा झालेला कोंबडा

एक होता डोंगर आणि डोंगराला होता एक राखणदार. या गोष्टीत राजा नाही, आधीच सांगते. राजा काय, नुसता कर घेतो. राखणदार पाणी देतो.

डोंगराच्या पायथ्याला होतं चिंचसखल नावाचं गाव. डोंगरात एक झरा, झऱ्याच्या तोंडावर मोठी धोंड, आणि धोंडेवर राखणदार बसलेला. माडाएवढा उंच, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. दिसायचा मात्र कुणालाच नाही, बरं का. दरवर्षी भात कापून झालं की गाव त्याला जेवण द्यायचं. वडे आणि कोंबड्याची सागोती. एका वर्षी एका घराची पाळी. जेवण पसंत पडलं की तो काठीने धोंड सरकवायचा आणि पाटाला पाणी सुटायचं. त्या पाण्यावर गावची चवळी, वांगी, मिरच्या, सगळा उन्हाळा. पाणी नाही तर उन्हाळाभर नुसती धूळ.

राखणदाराची अट एकच. कोंबडा घरचा हवा. आपल्या अंगणातल्या अंड्यातून निघालेला, आपल्या हातचं खाऊन वाढलेला.

मग काय झालं, गावात आला एक पिंजरेवाला. त्याच्या पिंजऱ्यात पांढरे कोंबडे. गुबगुबीत, एकाला एक चिकटून बसलेले. त्या वर्षी पाळी होती बाळोजी गावकराची. हा गावाचा पुढारी. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. याच्या घरी कोंबडा नव्हता, कारण कोंबडा पाळायचा तर सकाळी उठावं लागतं. याने एक पांढरा विकत आणला, अंगणात तीन दिवस दोरीने बांधला, आणि गावाला सांगितलं, "तीन दिवस आमच्या अंगणात राहिला. झाला घरचा!"

गावाने मान डोलावली. सगळ्यांनी एकदम डोलावली की कुणा एकट्याची चूक होत नाही ना!

त्या वर्षी कमरेइतका वाहणारा पाट गुडघ्यावर आला. पुढच्या वर्षी दुसऱ्या घराची पाळी. त्यांनीही तेच केलं. पाट घोट्यावर आला. गावकर म्हणाला, "कोंबडा लहान पडला असेल. यंदा याहून मोठा आणू." बघा, माणूस चुकतो आणि मग तीच चूक आणखी मोठी करून आणतो.

तिसऱ्या वर्षी पाळी आली आवडूची. आवडू तरणी पोर. नवरा वारलेला, घरात ती आणि तिची म्हातारी सासू. शेत एवढंसं, तेही पाटाच्या अगदी टोकाला. पण तिच्याकडे कोंबडा होता. त्याचं नाव तांबडा. तो पिल्लू असताना त्याची आई मुंगसाने नेली. मग आवडूने त्याला टोपलीत घालून चुलीजवळ ठेवलं. रोज डोंगरात जाऊन वारूळ फोडायचं, वाळवी आणायची आणि त्याच्यापुढे टाकायची. वाळवी खाल्लेलं पिल्लू मरत नाही, असं तिची सासू म्हणायची. आणि नाहीच मेला तो. मोठा झाला, फणसावर झोपायला लागला, कुत्र्याच्या अंगावर धावून जायला लागला.

एका सकाळी गावकर आला. काखेत पांढरा कोंबडा.

"आवडू, हा घे. तीन दिवस बांध अंगणात."

"माझा आहे की घरचा, गावकरकाका."

"तो? तो कोंबडा आहे की काठीला पिसं लावलीत?"

"धावतो, म्हणून बारीक आहे."

"राखणदाराला काय त्याची धाव खायचीय? नीट ऐक. यंदा पाणी आटलं, तर तुझं शेत पाटावरून काढलं म्हणून समज. मग बस कोरडं शेत बघत."

गावकर गेला. सासू म्हणाली, "सूनबाई, पांढराच शिजव. गावाशी वाकडं कशाला घेतेस? आणि आपला तांबडाही वाचेल."

खरं सांगू? आवडूला गावाचं बोलणं लागलं नाही, शेवटचं वाक्य लागलं. तांबडा वाचेल. तिच्या छातीत एकदम हलकं वाटलं. एखादी सोपी वाट दिसली की असंच हलकं वाटतं. म्हणून तिने पांढऱ्याला बांधून ठेवलं आणि म्हणाली, बघू तरी.

पहिल्या दिवशी तिने अंगणात तांदळाची कणी फेकली. तांबडा वेचायला धावला. पांढरा समोर पडलेल्या दाण्यांकडे बघत बसला. जमिनीवरचं वेचायचं असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने त्याची दोरी सोडली. पांढरा जागचा हलला नाही. दोरी नव्हती, तरी दोरीएवढ्याच जागेत उभा.

तिसऱ्या दिवशी तिने हाक मारली, "ती ती ती ती!" पांढऱ्याने मान वर केली नाही. आणि तांबडा? तो शेजाऱ्याच्या परसातून, कुंपणावरून उडी मारून, पंख फडफडवत आला आणि तिच्या पायाशी उभा राहिला.

मग आवडू सासूला म्हणाली, "हा पांढरा माझा नाही. तीन दिवसांत नाही आणि तीस दिवसांत नाही. कुणाचाच नाही बिचारा. जो माझा नाही, तो माझा म्हणून मी वाढणार नाही."

"आणि शेत?"

"शेत जाऊ दे. खोटं पान घेऊन मी डोंगर चढणार नाही."

पाळीच्या दिवशी सकाळी ती अंगणात आली. तांबडा कुठे दिसत नव्हता. तिला वाटलं, गेला असेल पळून. जाऊ दे, बरंच झालं. पण पान तर वाढायचं होतं. तिने हाक मारली. आणि तो आला.

पुढचं ऐकायचं नसेल तर कान झाका. मी मात्र गाळणार नाही. सागोती खाताना कुणी कान झाकत नाही. तर मग, तिने सुरी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतःच्या हाताने केलं. मग मागच्या दारी बसून रडली. मग उठली, तोंड धुतलं, खोबरं भाजलं आणि वाटण वाटायला बसली.

तांबडा शिजताही शिजेना! एकदा पाणी घातलं, दोनदा घातलं, तीनदा घातलं. "मेल्यावरही ऐकत नाही," सासू म्हणाली, आणि दोघी हसल्या आणि परत रडल्या.

भर दुपारी आवडू डोक्यावर मडकं आणि हातात वड्यांची टोपली घेऊन निघाली. वाटेत गावकर आडवा.

"तुझ्या अंगणात पांढरा अजून जिवंत आहे! मग मडक्यात काय घेतलंस?"

"बाजूला व्हा, काका. सागोती गार होतेय."

"गाव बुडवशील!"

"बाजूला व्हा म्हटलं ना!"

झाला बाजूला.

झऱ्यावर तिने केळीचं पान मांडलं, वडे वाढले, मडकं ठेवलं. आधीच्या दोन्ही घरच्या बाया पान ठेवून पळत खाली आल्या होत्या. आवडू तिथेच बसली. जेवणारा उठेपर्यंत वाढणारीने हलू नये, एवढं तिला शिकवलेलं होतं. तिने पदर सावरला आणि बसून राहिली.

आणि काय सांगू! धोंडेवर हळूहळू घोंगडी दिसली, मग काठी, मग माडाएवढा राखणदार. तो वाकला, मडक्याचं झाकण उचललं आणि आत विचारलं, "कुणाचा रे तू?"

मडक्यातून खणखणीत बांग आली. "आवडूचा! टोपलीत वाढलो. तुझ्याच डोंगरातली वाळवी खाल्ली. फणसावर झोपलो, तीन कुत्रे पळवले. तिने हाक मारली की जायचो. आजही गेलो."

राखणदाराने आवडूकडे पाहिलं. "एवढा हाकेला येणारा. कापला कुणी?"

आवडूची मान खाली गेली नाही. "मी. माझ्या हाताने. तो माझा होता, म्हणून द्यायचा हक्कही माझा होता."

"दोन वर्षं मडक्यांना विचारतोय," राखणदार म्हणाला. "मडकी गप्प. आतल्यांकडे सांगायलाच काही नव्हतं." मग तो मांडी घालून बसला आणि जेवला. एक वडा ठेवला नाही, एक हाड चोखायचं सोडलं नाही. उठला, काठी लावली, आणि धोंड घडघडत बाजूला झाली.

आवडू पोहोचायच्या आधी पाणी गावात पोहोचलं. कमरेइतकं! टोकाचं तिचं शेत, तेसुद्धा भिजलं. आवडूने चारचौघांत सगळं सांगितलं, मडकं काय बोललं तेही. ऐकून गावकराच्या मिशा खाली आल्या. गावाने ठरवलं की पुढची पाळी परत गावकराचीच.

मग रोज पहाटे बाळोजी गावकर टोपली घेऊन डोंगरात जायला लागला. वारूळ फोडायचा, हाताला वाळवी चावायची, तो ओरडायचा. मागून सात पिल्लं चिवचिवत धावायची. कुणी विचारलं, "काय काका, कुठे निघालात?" तर म्हणायचा, "गप्प बस. पोरं भुकेली आहेत."

पांढऱ्याला आवडूने ठेवून घेतलं. त्याचा काय दोष? चार महिन्यांनी तो माती उकरायला शिकला.

आणि सगळे आपापल्या हातचं पिकवून, पोटभर खाऊन सुखाने राहिले. पाटात पाणी निजलं, फणसावर कोंबडे निजले. आता तुम्हीही पाय आत घ्या, गोधडी ओढा आणि निजा बघू.